अख्ख्या भावकीची सोनोग्राफी

लोकांच्या घरातले किस्से लग्नात जमतात, बारशात जमतात, गेलाबाजार बांधावरच्या भांडणात तरी जमतातच. आमच्या घरातले निम्मे किस्से सोलापूरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावर जमलेत! तिथं नंबर यायला वेळ लागतो, भिंतीवरच्या टीव्हीत आवाज बंद करून बातम्या चालू असतात, आणि आमच्या माणसांना गप्प बसायची सवय नाही. मग काय होणार? एक किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा घडतो.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी शीला. नळदुर्गात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. आमच्या घराण्यात एक जीन बिघडलेलं आहे. गाठी होऊ न देणं हे त्या जीनचं काम. ते बिघडलं की किडनीत गाठ येते, कधी डोळ्यात येते, कधी मेंदूत. आईबापापैकी एकाकडं बिघडलेलं असलं की प्रत्येक लेकराला ते मिळायची शक्यता निम्मी. माझ्या वडिलांकडं, अण्णांकडं ते होतं, पण कळलं फार उशिरा. ‘पोटात उष्णता आहे’ म्हणून कितीतरी दिवस ते सब्जा आणि ताक पीत राहिले. सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ किडनी सोडून फुप्फुसापर्यंत पोचली होती.

पुढं काही वर्षांनी घराण्यात दुसरी गाठ निघाली आणि जीनचं कळलं, तेव्हा आमचं ठरलं. दर हिवाळ्यात, तुरी काढायच्या आधी, अख्खी भावकी एका क्रुझर जीपमध्ये बसून तपासणीला जाते. गाठ लहान असताना सापडली तर तेवढीच काढता येते, किडनी वाचते, माणूस वाचतो. इतकं साधं आहे. सगळे बसतात. बसत नाही तो एकटा माझा थोरला भाऊ, गौतमदादा. चेहरा अण्णांचा, चाल अण्णांची, आणि तपासणीचं नाव काढलं की एकच वाक्य, “मला काय धाड भरलीय?” त्याच्यापायी माझा जीव टांगणीला लागलेला असतो, हे आधीच सांगून ठेवते. हसण्याच्या नादात ते विसरायला नको.

*

पहिला मान सास्तूरच्या यमुनाआत्याचा. आत्या अण्णांची धाकटी बहीण. अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी तिला लघवीतून रक्त जायला लागलं. तिच्या मुलानं, मिलिंदनं, तिला तडक सोलापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी स्कॅन बघितला, चष्मा काढला आणि मिलिंदला म्हणाले, “जरा बाहेर येता का?”

दोघं पॅसेजमध्ये गेले. डॉक्टर हळू आवाजात सांगू लागले. एवढ्यात मागं दार उघडलं आणि आत्या तो दवाखान्याचा मागून नाड्यांचा गाऊन एका हातानं धरून बाहेर आली.

“डॉक्टरसाहेब, गाठ माझ्या पोटात, आन सांगायलाव त्याच्या कानात व्हय?”

डॉक्टर गडबडले. “आजी, तुम्हाला टेन्शन येऊ नये म्हणून...”

“मग त्याला दिलाव न्हवं टेन्शन! बगा कसा पांढराफटक पडलाय. त्याला बसायला खुर्ची द्या, आन काय सांगायचं ते मला सांगा.”

खरंच मिलिंदला खुर्ची द्यावी लागली. पाणीही द्यावं लागलं!

आत्याची एक किडनी काढली. भेटायला येणारे पाहुणे दारातच तोंड पाडून उभे राहायचे. आत्या उशीला टेकून बसलेली. “अशी तोंडं करून आत येऊ नगा. एक काढलीय, दुसरी ठेवलीय की अजून!”

*

त्या गाठीच्या निमित्तानं आम्हाला जेनेटिक्सच्या एका डॉक्टर मॅडमकडं पाठवलं. त्यांनी मोठा कागद घेतला आणि आमचं झाड काढायला सुरुवात केली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला गाठ झाली तो काळा रंगवायचा. जो वारला त्याच्यावर तिरकी रेघ.

मॅडम विचारत गेल्या, आत्या सांगत गेली. आजा कशानं गेला? पोट धरून गेला. चुलता? डोळ्यानं आंधळा झाला आणि मग डोकं दुखून गेला. मॅडम काही ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकत होत्या, काही ठिकाणी रंगवत होत्या. अण्णांचा नंबर आला तेव्हा मिलिंद सवयीनं बोलून गेला, “मामा उष्णतेनं गेले.” बाहेर आम्ही सगळे हेच सांगत होतो ना इतकी वर्षं! कॅन्सर म्हटलं की पोरीबाळींची लग्नं अडतात, म्हणून उष्णता.

आत्यानं टेबलावर हात आपटला. “रंगवा मॅडम तो चौकोन. काळाभोर रंगवा! उष्णता उष्णता म्हणून म्या भाऊ घालवला माझा. आता कुणापसून लपवायचंय?”

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. मॅडमनी चौकोन रंगवला. मग आत्याचा गोलही रंगवला, आणि रंगवताना पेन थोडा बाहेर सरकला.

आत्या कागदावर वाकली. “मला काळं केलाव, ते बरं केलाव. पण ही रेघ कशाला वडायलाव?”

“नाही हो आजी, पेन घसरला.”

“पेन सांभाळा जरा. म्या हितंच बसलीय!”

*

घरी आल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न. हे जीन नेमकं करतं काय? मी शिकवणारी, मग मलाच पकडलं. आत्याच्या ओट्यावर सगळे बसले, शेजारपाजारचेही दोघंतिघं आले.

मी म्हटलं, “गावात पाणी सोडणारा असतो ना, तसं धरा. शरीरात एक प्रथिन व्हॉल्व्ह उघडणारं असतं. ऑक्सिजन कमी पडला की ते वाढीची जीन्स चालू करतं. नव्या रक्तवाहिन्या काढा, साखर जास्त ओढा, पेशी वाढवा, असे हुकूम सोडतं. अडीनडीला ते लागतंच. पण काम झालं की व्हॉल्व्ह बंद करणारा पाहिजे. आपलं जे जीन आहे ना, ते बंद करणारं. ते त्या उघडणाऱ्याला पकडतं आणि मोडीत काढतं.”

“मग आपल्यात बंद करणारा न्हाय व्हय?” मिलिंदनं विचारलं.

“असतात दोन. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आपल्या घराण्यातला एक जन्मापासून गैरहजर. दुसरा एकटाच सगळ्या गल्ल्या फिरून व्हॉल्व्ह बंद करतो. किडनीच्या एखाद्या पेशीत त्या दुसऱ्याचंही बिघडलं की संपलं. तेवढ्या गल्लीत पाणी बंदच होत नाही. नव्या रक्तवाहिन्या निघत राहतात, पेशी वाढत राहतात. तीच गाठ.”

“त्या गैरहजर असणाऱ्याला सस्पेंड करा की!” मिलिंद.

“तो कामावरच नाही, सस्पेंड कुणाला करतोस?”

आत्या ओट्यावर पुढं सरकली. एकदम म्हणाली, “म्हंजी दुसऱ्या एकट्या गड्यानं माझ्या अंगात इतकी वर्सं दोघांचं काम वडलं?”

“हो.”

“आन तुमी समदी बसलाव बिघडलेल्याचं नाव घेत! ह्याला कुणी तरी शाब्बास म्हणा की रं!”

मी दर वर्षी बारावीला ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारं जीन शिकवते. पुस्तकात बिघडलेल्या जीनवरच सगळा मजकूर असतो. आता मी आधी त्या एकट्यानं काम ओढणाऱ्याबद्दल बोलते.

त्या दिवशी मी आणखी एक सांगितलं. आता एक गोळी निघालीय, ती व्हॉल्व्ह उघडणाऱ्याचाच हात धरते. सगळ्यांना ती लागत नाही, कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. आत्या म्हणाली, “निघाली न्हवं? मग अजून निघतील. तवर म्या कुठं चाललीय!”

*

हे असं सगळं विज्ञान ओट्यावर बसून ऐकलेलं, तरी महिन्याभरात एक लांबचे पाहुणे आलेच. चहा पिता पिता इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “यमुनाबाई, घराण्यावर कायतरी हाय. एकदा दाखवून या. एक जाणता माणूस हाय माझ्या वळखीचा.”

माझं डोकं तापलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात आत्यानं हातानंच थांबवलं.

“पाव्हणं, त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं आख्खं सास्तूर बसलं. माझ्या डोळ्यांदेखत माणसं गाडली गेली. तवाबी लोक म्हणत होते, गावावर कायतरी हाय. काय होतं सांगू? डोक्यावर मातीचं माळवद होतं आन दगडाच्या भिंतीत धड चुना न्हवता! मग नवीन घर बांधताना आमी काय केलं? उतारा टाकला? लोखंड टाकलं.”

पाहुणे म्हणाले, “तसं न्हवं, एकदा दाखवायला काय जातंय?”

“दाखवून आलीय की!” आत्या उठली, कपाटातून सीटी स्कॅनची फिल्म काढली आणि दारातल्या उजेडात धरली. “सोलापूरला दाखवलं, मशीनला. ही बगा जागा. हितं होती गाठ, आता न्हाय. तुमच्या जाणत्याला सांगा, अशी फोटू काढून दे म्हणावं.”

पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

*

माझं रक्त तपासलं, तेव्हा माझ्याकडंही तेच बिघडलेलं जीन निघालं. मग पहिल्याच वर्षीच्या तपासणीत डाव्या किडनीत एक गाठ दिसली, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. काही दिवस लक्ष ठेवलं, वाढायला लागली तशी काढली. किडनी शाबूत. मी कॉलेजला परत आले.

स्टाफरूममध्ये आमचा डबा सगळ्यांचा मिळून असायचा. शेंगाचटणी, कडक भाकरी, कुणाच्या तरी घरचं लोणचं. त्या दिवशी बघते तर गणिताच्या सरांनी त्यांचा डबा खिडकीपाशी नेऊन एकट्यानं उघडला होता.

“सर, इकडं या की.”

“नको मॅडम. तुम्ही आत्ताच आजारातून उठलाय. तुम्हाला इन्फेक्शन नको व्हायला आमचं.”

माणूस वाईट नाही. पण माझ्या भाजीकडं ते ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मला कळत होती. मी माझा डबा उचलला, खिडकीपाशी गेले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“सर, हे जीन फक्त आईबापाकडून लेकराला मिळतं. मी तुमची आई नाही आणि तुम्ही माझे वडील नाहीत. वांग्याची भाजी आहे, खा निवांत!”

सगळी स्टाफरूम हसली. सर लाजले, पण त्यांनी भाजी घेतली. दुसऱ्यांदा मागूनही घेतली. तेव्हापासून एखाद्यानं डबा लांब नेला की आमच्याकडं विचारतात, “काय सर, मॅडमची वारसदारी नको का?”

*

सोनोग्राफी सेंटरवाले आम्हाला आता ओळखतात. पण पहिल्या वर्षी दारावर नवीन वॉचमन होता. क्रुझर थांबली. आधी आत्या उतरली, मग सोबतीला आलेल्या तिच्या सुना, मी, माझा मुलगा, मिलिंद, अजून दोन चुलतभाऊ. सगळे धुवट कपड्यांत, हातात पिशव्या, एकमेकांना हाका मारत.

वॉचमननं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. “बस्त्याचं दुकान तिकडं हाय, मावशी. इथं दवाखाना हाय.”

सोलापूरला लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतून अशाच जीपा येतात, त्याचं काय चुकलं?

आत्या म्हणाली, “बस्ताच बांधायचाय बाबा. पर आधी नवरदेव कंचा धड हाय ते मशीनीत घालून बघणारंय!”

आत टेक्निशियन बाईंनी विचारलं, “पेशंट कोण?” आमचं सगळं बाकडं उठून उभं राहिलं. त्या बाईंनी डोक्याला हात लावला. “अहो, पेशंट विचारलं, वऱ्हाड नाही!”

सगळ्यांचं झालं की परतताना नळदुर्गच्या अलीकडं एका ढाब्यावर थांबतो. ज्याचा रिपोर्ट स्वच्छ तो मालकासारखा ऑर्डर देतो. ज्याला काही निघालं त्याला चिकनचा पहिला तुकडा! मिलिंदला दोन वर्षांपूर्वी पहिला तुकडा मिळाला. किडनीत दोन पाण्याच्या पिशव्या दिसल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी आत्या म्हणाली, “रडायचं असंल तर रड, पण तुकडा खाली ठिवू नगं. दुसरा कुणीतरी उचलंल.”

*

आता दादा.

दादाचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले त्याला नावानं ओळखतात. माणूस भिणारा नाही. जयंतीच्या मिरवणुकीत रस्ता अडवणाऱ्यांसमोर छाती काढून उभा राहिलेला मी बघितलाय. पण क्रुझरच्या पायरीवर त्याचा पाय चढत नाही.

एकदा मी आणि त्याची मुलगी प्रज्ञा दुकानात गेलो होतो. प्रज्ञा सोलापूरला बी.एस्सी. करते. दादा एका ट्रक ड्रायव्हरवर तोंड टाकत होता.

“बाहेरनं गुळगुळीत दिसतंय म्हणून चालवू नगा ह्ये. आतनं तार तुटलीय, फुगा धरलाय. आत्ता खोलून बघितलं तर बघितलं, न्हायतर हैदराबादच्या वाटंवर घाटात फुटंल, मग मला शिव्या घालचाल!”

ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, चालतंय की अजून.”

“चालतंय म्हणूनच तपासायचं असतंय! फुटल्यावर काय तपासताव?”

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, “पप्पा, परत एकदा म्हणा ना. शीलाआत्याला रेकॉर्ड करायचंय.”

दादानं हातातला पाना टाकला आणि मागच्या खोलीत निघून गेला. ड्रायव्हरला काही कळेना. त्यानं टायर मात्र खोलून घेतला!

दादाच्या भीतीचं कारण मला ठाऊक आहे. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत उशाला तोच होता. मला तेव्हा परीक्षेच्या नावाखाली लांब ठेवलं होतं. अण्णांना कूस बदलायला, तोंडात पाणी घालायला, ओरडणं ऐकायला तोच. तो ते कुणाशीच बोलला नाही. त्याच्यावर मला राग येतो, आणि त्याच रागाच्या पोटात माया असते. दोन्हीचं काय करावं ते मला कळत नाही.

*

गेल्या वर्षी प्रज्ञा माझ्याकडं आली. “आत्या, मला ब्लड टेस्ट करायचीय.”

जेनेटिक्सच्या मॅडमनी तिला समोर बसवून समजावलं. पद्धत अशी असते की आधी बापाची करायची. बापाकडं बिघडलेलं नसेल तर पोरीला करायची गरजच नाही. आणि बापाच्या आधी पोरीची केली, ती पॉझिटिव्ह आली, तर पोरीचा रिपोर्ट म्हणजे बापाचाही रिपोर्ट. त्याला नको असताना त्याला कळणार.

“हे वडिलांना माहीत आहे का?”

“माहीत आहे. म्हणूनच भांडतात.”

“मग थोडं थांबायचं का त्यांच्यासाठी?”

“मॅडम, अंग माझं आहे. ते भितात तोवर माझी किडनी थांबेल का?”

मॅडमनी तिला शेवटचं विचारलं, “रिपोर्ट काय यावा असं वाटतं?”

“कळावा असं वाटतं.”

घरी वणवा पेटला. दादा माझ्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. “शीले, पोरीच्या डोक्यात ह्ये तूच भरवलंस. लग्न जमायचंय तिचं. काळा रिपोर्ट आला तर दारात कोण यील?”

मागून प्रज्ञाच आली. “जो रिपोर्ट बघून परत जाणार आहे, त्याच्यासाठी मी पोहे करत बसू का, पप्पा?”

दादा म्हणाला, “तुझी आत्या शिकवती तसंच बोलती तू.”

मी म्हटलं, “मी काही भरवलं नाही दादा. जे काही आहे ते आपल्या घरचंच आहे.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. दिवाळीला फराळ आला, पण प्रज्ञाच्या हातानं. तिनं स्वतःची सही करून रक्त दिलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. प्रज्ञाला जीन चांगलं मिळालं होतं. मी फोनवरच रडले, आत्यानं सास्तूरला ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं. आणि दादा? दादा पेढ्याचा पुडा घेऊन माझ्या घरी आला! इतक्या दिवसांचा अबोला सोडून, हसत.

“बगितलंस? म्या म्हणत न्हवतो? पोरगी स्वच्छ, म्हंजी बापबी स्वच्छ. आमच्याकडं ते आलंच न्हाय!”

पेढा माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी प्रज्ञाकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“पप्पा, तसं नसतं.”

“कसं नसतं?”

“तुमच्याकडं दोन आहेत. एक आजीकडून आलेलं, ते चांगलं. दुसरं अण्णांकडून आलेलं, ते कसं आहे ते कुणालाच माहीत नाही. मला तुमच्यातलं चांगलं आलं. म्हणून दुसरं बिघडलेलं नाही, असं होत नाही.”

दादानं पुडा टेबलावर ठेवला.

“माझ्या रिपोर्टनं मी सुटले, पप्पा. तुम्ही नाही सुटलात.”

तो चपला सरकवून निघून गेला. पेढे कुणी खाल्ले नाहीत, असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलानं खाल्ले.

*

आणि हा यंदाचा.

क्रुझर नेहमीप्रमाणे सास्तूरहून आत्याला आणि बाकीच्यांना घेऊन आली, मला घेतलं आणि दादाच्या दारात थांबली; घराला लागूनच त्याचं दुकान. दर वर्षी थांबते. मिलिंद हॉर्न वाजवतो, दादा दुकानातून हात हलवतो, “जावा जावा!”, आणि आम्ही जातो.

मिलिंदची चिडचिड चालली होती. पोटाची सोनोग्राफी असली की सकाळपासून काही खायचं नसतं. चहा तर अजिबात नाही, पोटात गॅस झाला की आतलं नीट दिसत नाही. मिलिंदनं वाटेत एक बिस्कीट तोंडात टाकलं होतं आणि आत्यानं ते त्याला थुंकायला लावलं होतं. “मशीनला काय बिस्कीट दाखवायचंय व्हय?”

हॉर्न वाजायच्या आतच प्रज्ञा घरातून बाहेर आली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. पट्टा लावला.

मी म्हटलं, “प्रज्ञा, तुला आता जायची गरज नाही बाई.”

“मला नाही. त्यांना आहे.”

दादा दारात आला. आज दुकानाचं शटर अजून खाली होतं.

“उतर खाली. तुझं काय काम हाय तिथं?”

“तुमचं नाव घातलंय मी यादीत.”

“कुणाला इचारून घातलंस?”

“कुणालाच नाही विचारलं. तुमचा नंबर पुकारला की मी उभी राहणार. डॉक्टरांना सांगणार, बाप भ्यालाय, म्हणून पोरगी आलीय. सगळ्या बाकड्यासमोर सांगणार.”

“प्रज्ञे!”

“मग काय करू? अण्णांना उष्णता झाली होती, तुम्हाला काय झालं म्हणून सांगू लोकांना?”

दादाचा आवाज असा चढला की पलीकडच्या गॅरेजवाल्यांनी काम थांबवलं. म्या कुणाला भीत न्हाय. म्या माझ्या मर्जीचा मालक हाय. कुणी मला जीपमध्ये कोंबून न्यायचं न्हाय. आत्यावर ओरडला, माझ्यावर ओरडला, मिलिंदला म्हणाला, गाडी अशी वाकडी का लावलीस. आत्या खिडकीतून त्याच्याकडं बघत राहिली.

एवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. आम्हाला चालत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून दोनच कप. एक तिनं प्रज्ञाला खिडकीतून दिला. दुसरा दादापुढं धरला. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय दादा दुकानाचं कुलूपसुद्धा काढत नाही, हे अख्ख्या हायवेला ठाऊक आहे.

“घ्या आधी, मग वरडा. गार व्हायलाय.”

दादानं कपाकडं बघितलं. मग क्रुझरचं मागचं दार उघडलं.

“नगं,” तो म्हणाला. “मला आज चालत न्हाय.”